माणच्या धावपटूस उत्तर: स्वतःची शर्यत आणि हाताखालची आठ मुले

ज्या प्रश्नाला हे उत्तर आहे तो आधी थोडक्यात सांगतो. माण तालुक्यातील एका तेवीस वर्षांच्या तरुणाने लिहिले आहे की, 15 ऑगस्ट 2016 रोजी, नववीत असताना, त्याने गावातील एका घरात टीव्हीपुढे दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांमधून ललिता बाबर यांची रिओ ऑलिंपिकमधील अंतिम शर्यत पाहिली आणि आपणही लांब पल्ल्याचे धावपटू व्हायचे असे त्याच संध्याकाळी मनाशी ठरवले. आज तो दूध संकलन केंद्रावर दोन्ही वेळा काम करतो, रस्त्यावर 10 किलोमीटरला त्याला 34 मिनिटे 20 सेकंद लागतात, आणि वडिलांचा आग्रह पोलीस भरतीचा आहे. शाळा सुटल्यावर, संध्याकाळचे संकलन सुरू होण्याआधी, तो गावातील आठ मुलामुलींना तासभर पळायला शिकवतो, आणि त्यांतील तेरा वर्षांची एक मुलगी भावाचे जुने बूट घालून सगळ्या मुलांच्या पुढे असते. त्याचे विचारणे असे की, आता उशीर झाला आहे का, झाला असेल तर हे सोडून द्यावे का, आणि मुलांना शिकवू लागलो याचा अर्थ मी स्वतःपुरती हार मानली असा होतो का.

सातारा शहरात मी 27 वर्षे मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवत आलो आहे, आणि हे तिन्ही प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून मी अनेकदा ऐकले आहेत. आपण सुरुवात तुमच्या वेळेपासून करू. 34 मिनिटे 20 सेकंद म्हणजे एका किलोमीटरला 3 मिनिटे 26 सेकंद. भारताच्या गुलवीर सिंग यांनी 2025 मध्ये 10,000 मीटरची शर्यत 27 मिनिटांत पूर्ण केली, म्हणजे किलोमीटरला 2 मिनिटे 42 सेकंद. ते शेवटची रेषा ओलांडतील तेव्हा तुमचे दोन किलोमीटरहून अधिक अंतर शिल्लक असेल. हे मी तुम्हाला खचवण्यासाठी सांगत नाही. मात्र ज्या गोष्टीसाठी आयुष्याची पुढची सहा-सात वर्षे द्यायची, तिचे अंतर आधी मोजून घ्यावे, असे मला वाटते. गावात एकट्याने पळणाऱ्या मुलांना हे अंतर कोणी सांगत नाही. सत्काराच्या वेळी सगळे जण ‘पोरगं एक दिवस देशाचं नाव काढणार’ म्हणतात आणि घड्याळाचे नाव कोणी काढत नाही.

तुमच्या पत्रातील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटला. तुम्ही आठवड्याला जेमतेम 45 किलोमीटर धावता, तेही रात्री साडेपाच तासांच्या झोपेवर, आणि जवळजवळ प्रत्येक दिवशी घड्याळाशी स्पर्धा करत. इतक्या थोड्या आणि इतक्या चुकीच्या सरावावर कोणी 34 मिनिटांत येत असेल, तर त्याच्या शरीरात बरेच काही अजून वापरलेच गेलेले नाही, असे मी म्हणेन. ते किती आहे हे आज मीही सांगू शकत नाही आणि दुसराही कोणी सांगू शकणार नाही. दोन-तीन वर्षे नीट सराव झाल्यावरच ते कळते.

उशिराचे म्हणाल, तर धावण्यात प्रत्येक अंतराचे वय वेगळे असते. शंभर मीटरच्या धावपटूने तेविसाव्या वर्षी सुरुवात केली असती तर मी त्याला सरळ नाही म्हटले असते. लांब पल्ल्याचे तसे नाही. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलते, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे किती दाट होते, या गोष्टी वर्षानुवर्षे वाढत राहतात. केनियाचे एलियुड किपचोगे यांनी 2022 मध्ये बर्लिनला 2 तास 1 मिनिट 9 सेकंदांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा त्यांचे वय 37 होते. अर्थात त्यांच्या पायांखाली वीस वर्षांची पायाभरणी होती, आणि हा भाग सोडून केवळ वय तेवढे सांगणे ही फसवणूक ठरेल.

तुमच्या शेजारच्या मोही गावाचेच उदाहरण पाहा, कारण तुमचे स्वप्न तिथूनच आले आहे. ललिता बाबर यांचा जन्म 1989 चा. 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षे त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. बहुतेक धावपटू इथेच समाधान मानून थांबले असते. वयाच्या पंचविशीत त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेस ही, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची, शर्यत हाती घेतली, त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवले, 2015 मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकले, आणि 2016 मध्ये रिओच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय महिला 1984 च्या पी. टी. उषांनंतर थेट तेव्हा दिसली. तुम्ही टीव्हीवर पाहिलेल्या शर्यतीत त्यांचा क्रमांक दहावा आला. गावाने मात्र तो दहावा क्रमांक पदकासारखा साजरा केला, आणि त्यात काही चुकले असे मला वाटत नाही.

यातील एक बारकावा मी माझ्या धावपटूंना मुद्दाम सांगतो. महिलांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली ती 2008 मध्ये, बीजिंगला. ललिता बाबर शाळेत होत्या तेव्हा ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. ज्या शर्यतीने त्यांना रिओच्या अंतिम फेरीत नेले, तिचे स्वप्न पाहणे त्यांना दहाव्या-बाराव्या वर्षी शक्यच नव्हते. तसा विचार केला, तर आपल्या सर्वांचेच असते. लहानपणी आपल्याला जगाची जेवढी माहिती असते तेवढ्यातूनच आपण स्वप्न बेततो. कापड थोडे, म्हणून अंगरखा आखूड. पुढे तो अंगाला होत नाही म्हणून कापडच फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत आणि तो आखूड अंगरखा चाळिशीपर्यंत घालून हिंडणारेही पाहिले आहेत. तुम्ही नववीत नेमके काय ठरवले होते, ते एकदा शांतपणे आठवून पाहा. ऑलिंपिक ठरवले होते, गावाने आपल्यासाठी टीव्हीपुढे जमावे हे ठरवले होते, की पळणे ठरवले होते? तिन्ही मनात असणे स्वाभाविक आहे. त्यांतील दोन गोष्टी दुसऱ्यांच्या हातात आहेत, हे मात्र समजून घ्यावे.

याची कसोटी मी पावसाळ्यात घेतो. यवतेश्वर घाटात आषाढात सकाळी सहाला इतके धुके असते की पुढच्या वळणावरचा माणूस दिसत नाही. अंगावरचे कपडे भिजून जड होतात, आणि घाट चढून वर आल्यावर टाळ्या वाजवायला एखादे भिजलेले कुत्रेही नसते. याच घाटात 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढोल-ताशे आणि हातात पाण्याचे ग्लास घेतलेली शाळेची मुले असतात. त्या दिवशी तो घाट सगळ्यांनाच आवडतो. आषाढातल्या मंगळवारी ज्याला तो आवडतो, किंवा आवडत नसूनही जो परत बुधवारी येतो, त्याच्याशी मी पुढचे बोलतो.

चिकाटी या शब्दाविषयी माझी थोडी तक्रार आहे. आपल्याकडे चिकाटी म्हणजे दुखत असताना पळणे, ताप असताना पळणे, उपाशी पळणे, असा अर्थ रूढ झाला आहे, आणि त्यापायी दर हंगामात दोन-तीन चांगली मुले कायमची जायबंदी होतात. माझ्या लेखी चिकाटी दोनशे पानी वहीत मावते. माझ्या प्रत्येक धावपटूकडे एक वही असते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटे ठेवून मोजलेली नाडी, झोपेचे तास, धावलेले अंतर, आणि शेवटी कुठे काय दुखले याचे एक वाक्य, एवढेच त्यात लिहायचे. गेल्या वर्षीच्या एका वहीतील चार ओळी मला आठवतात: ‘नाडी 52, झोप 7, अंतर 12, काही नाही. नाडी 53, झोप 6, अंतर 14, डावी नडगी थोडी. नाडी 58, झोप 5, अंतर 14, नडगी. नाडी 61, झोप 5, घरी लग्न, नडगी दाबल्यावर दुखते.’ त्या मुलाने तोंडाने मला काहीच सांगितले नव्हते. विचारले तेव्हा ‘बरं आहे सर’ एवढेच. वही पाहिली म्हणून मी त्याला पाचव्या दिवशी थांबवू शकलो, आणि तो तीन आठवड्यांत परत धावू लागला. न थांबता तो राज्य स्पर्धेपर्यंत पळत राहिला असता, तर लोकांनी त्याला जिद्दी म्हटले असते.

नडगीचे कारणही सांगतो, कारण तुम्ही सराव वाढवणार आहात आणि ही चूक तिथेच होते. दम लवकर वाढतो. चार-सहा आठवड्यांत धावपटूला आपण मोकळे झाल्यासारखे वाटते. हाडाचे काम वेगळ्या गतीने चालते. नवा भार आला की हाड आधी आपला जुना भाग झिजवते आणि मग त्या जागी नवे भरते, त्यामुळे वाढीव सरावाच्या पहिल्या दोन महिन्यांत ते काही काळ उलट कमकुवत असते. छाती म्हणते पळ, आणि हाड अजून तयार नसते. बारीक तडा जातो तो अशा वेळी, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसतही नाही. म्हणून 45 किलोमीटरवरून थेट 80 वर जाऊ नका. दर आठवड्याला चार-पाच किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम खाली या, आणि वर्षभरात 75 ते 80 पर्यंत पोहोचलात तरी पुरे. त्यांतील चार भाग धावणे असे असावे की शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. उरलेला एक भाग कठीण. सध्या तुमचे उलटे चालले आहे. रोजचे धावणे मध्यम-कठीण असल्यामुळे कठीण दिवशी तुमच्यात जोर उरत नाही आणि सोप्या दिवशी विश्रांती मिळत नाही. चढ चढणे तुमच्याकडच्या टेकड्यांवर करा, पण उतारावर धावत खाली येऊ नका. उतार हा मांडीचा आणि नडगीचा शत्रू आहे, चालत या.

झोपेविषयी मात्र मी तडजोड करणार नाही. पहाटे केंद्रावर कॅन येण्याआधी उठून पळायचे, मग फॅट काढायची, मग दुपारी शेत, मग मुले, मग पुन्हा केंद्र, आणि रात्री मोबाईल. या दिनक्रमात तेवीस वर्षांचा माणूस दोन वर्षे तग धरेल आणि तिसऱ्या वर्षी अचानक मंदावेल. आपले वय झाले असे तेव्हा तो समजेल, आणि खरे कारण उशी असेल. सकाळचे संकलन संपल्यावर साडेआठला धावा. हिवाळ्यात ती वेळ उत्तम आहे. उन्हाळ्यात आठवड्यातील तीन संध्याकाळी केंद्रावर भावकीतील कोणाला तरी बसवा आणि त्याचे पैसे तुमच्या पगारातून द्या. हा खर्च तुम्हाला जास्त वाटेल. बुटांवर तुम्ही घालवलेल्या पैशांपेक्षा तो अधिक फळेल. खाण्यात बाजरीची भाकरी, मटकी, हुलग्याचे माडगे, शेंगदाणे आणि गूळ हे तुमच्या घरात आहेच. डब्यातील पावडरीवर खर्च करण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आता भरती. तुमच्या पत्रात वडिलांविषयी जो सूर आहे तो मला थोडा खटकला. ज्या तालुक्यात पाऊस भरवशाचा नाही, तिथल्या बापाने मुलासाठी महिन्याचा पगार मागणे म्हणजे स्वप्नाचा गळा दाबणे नव्हे. मल्ल खाशाबा जाधवांनीही 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणल्यानंतर 1955 मध्ये पोलीस दलात नोकरी धरली होती. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 असतात. धावण्याचे 20 गुण तुमच्या खिशात आहेत असे समजा. तुमच्यासारखी मुले मागे पडतात ती उरलेल्या 30 गुणांत, कारण लांब पल्ल्याचा सडपातळ धावपटू 7.26 किलोचा गोळा हातात घेतो तेव्हा गोळाच त्याला फेकतो की काय असे वाटते. आठवड्यातून दोन दिवस वजनाचे व्यायाम आणि छोट्या वेगवान धावा करा. त्याने भरतीही साधेल आणि तुमच्या 10 किलोमीटरच्या शेवटच्या फेरीलाही जोर येईल. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण ते ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरीवर मिळते. गावोगावच्या रोड रेसच्या ढालींवर नाही. तेव्हा बक्षिसाच्या पैशासाठी दर रविवारी कुठेतरी पळणे बंद करा. वर्षातून तीन-चार स्पर्धा निवडा आणि त्यांसाठीच तयारी करा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येताना मला खाशाबांकडेच परत जावे लागेल. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 मध्ये लंडनला गेला, तोवर त्याची सगळी कुस्ती लाल मातीत झाली होती. मॅटची सवय नसताना तो तिथे सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, ही हकिगत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून हे देणे फेडले, असेही सांगतात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरे यायला 1996 उजाडावे लागले. मला या हकिगतीत प्राचार्यांचे वागणे अभ्यासण्यासारखे वाटते. त्यांनी स्वतःचे घर पणाला लावले, पण पदक आले तेव्हा ते खाशाबांचे आले. खर्च आपला आणि फळ दुसऱ्याचे, हा व्यवहार ज्याला मनापासून मान्य आहे त्यानेच शिकवायला उभे राहावे.

मला तो मान्य व्हायला बरीच वर्षे लागली, आणि त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्या कोणीतरी दिली. मी स्वतः 1500 मीटर धावत असे. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत उभे राहायचे, एवढेच माझे लहानपणापासूनचे मागणे होते. बाविसाव्या वर्षी उजव्या नडगीत तडा गेला, मी तो अंगावर काढला, आणि ते मागणे तिथेच संपले. पुढे शिकवू लागलो, आणि सातव्या-आठव्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली. तिचे पाय पाहिल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळले की हे वेगळे आहे. तिला पळायला आवडत होते, एवढेच. राष्ट्रीय स्पर्धा, अंतिम फेरी, हे सगळे शब्द माझे. राज्य स्पर्धेला बारा दिवस उरले असताना, सरावानंतर ती मैदानाच्या कट्ट्यावर बसून नडगीच्या एकाच जागेवर अंगठा दाबत होती. मी ते पाहिले. ती जागा मला माहीत होती. माझ्या स्वतःच्या पायात तीच जागा होती. मी तिला म्हणालो, ‘एवढ्यानं काय होतंय, बारा दिवस काढ.’ तिने बारा दिवस काढले, स्पर्धेत दुसरी आली, आणि दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना. चार महिन्यांनी हाड भरून आले. ती मैदानावर परत आली नाही. मी तिच्या घरी गेलो तेव्हा आईने चहा दिला, वडिलांनी शेतीचे विचारले, आणि ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिला हाक मारा असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. त्यानंतर वह्या सुरू झाल्या.

म्हणून, मुलांना शिकवू लागलो म्हणजे मी हरलो का, या तुमच्या विचारण्यात मला एक धोका दिसतो. तुम्ही हरलात असे समजून शिकवू लागलात, तर त्या आठ जणांपैकी जो सर्वांत चांगला पळतो त्याच्या पायांवर तुमची राहिलेली शर्यत चढेल, आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही, कारण बाहेरून ते कळकळीसारखेच दिसते. त्यापेक्षा तुम्ही स्वतः धावत असताना शिकवणे बरे. ज्याची स्वतःची शर्यत चालू आहे त्याला दुसऱ्याची बळकावण्याची गरज कमी पडते. फक्त दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवा. मुलांच्या तासाला तुमचा सराव उरकू नका, आणि त्यांच्या पुढे पळून दाखवू नका. ते कौतुकाने पाहतील आणि तुमच्या वेगाने पळायला जाऊन मोडतील.

मदत कशी करावी, याचा धडा सातारा जिल्ह्याला बाहेरून आणावा लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले, हे आपण शाळेत ऐकलेले असते. त्याच्या जोडीची गोष्ट थोडी मागे पडते, ती अशी की तिथल्या मुलांना स्वयंपाक, शेतीकाम, बांधकाम स्वतः करावे लागे. संस्थेचे ब्रीदच ‘स्वावलंबी शिक्षण’ होते. मला यातून माझ्या मैदानापुरते एवढे घेता आले की, मुलाला बूट द्यावेत, पण वही त्याने भरावी. स्पर्धेचे भाडे द्यावे, पण अर्ज त्याने स्वतः लिहावा. सगळेच आपण केले, तर ते मूल आपल्या तालुक्याबाहेर पाऊल टाकताच हरवते.

तुमच्या आठही मुलांना सध्या फक्त पळवू नका. अकरा ते पंधरा वयात खो-खो, लंगडी, उड्या, दोरीवर चढणे, पोहणे मिळाले तर पोहणे, या सगळ्यांनी शरीर जास्त हुशार होते. सोळाव्या वर्षापूर्वी कोणाचे अंतर पक्के करू नका. रस्त्यावरची दहा किलोमीटरची शर्यत बाराव्या वर्षी जिंकलेली मुले अठराव्या वर्षी मैदानावर दिसत नाहीत, हा माझा अनुभव आहे. वयाचे दाखले खरे ठेवा. एक वर्ष कमी लिहून जिंकलेली ढाल पुढे सगळ्या कारकिर्दीच्या आड येते, आणि मुलाला पहिला धडा लबाडीचा मिळतो तो वेगळाच. मुलींच्या आयांशी तुम्ही स्वतः, घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून बोला. पाळीच्या दिवसांबद्दल मुलगी तुम्हाला सांगणार नाही, आईला सांगेल, आणि आईने गावातील आशाताईंना किंवा तुमच्या वहिनीला सांगितले तरी चालेल, पण निरोप पोहोचण्याची वाट असली पाहिजे. पाळी महिनोन्‌महिने बंद झाली तर ‘पळणाऱ्या मुलींना असं होतंच’ असे कोणी म्हणेल, ऐकू नका. खाणे कमी पडत असल्याची ती खूण असते आणि हाडे त्यातूनच ठिसूळ होतात, तेव्हा डॉक्टरांकडे न्यायचे. आणि तुमच्यापेक्षा अधिक जाणणारा प्रशिक्षक त्यांतील एखाद्याला मागेल, त्या दिवशी त्याची वही हातात देऊन पाठवा. हे लिहायला सोपे आहे. माझ्याकडून आजवर तीन मुले अशी गेली, आणि तिन्ही वेळा मला आठवडाभर झोप आली नाही. शिकवण्याचे काम पुढे करावेसे वाटले, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तो करावा, कारण आपल्या गुरूने जसे शिकवले तसेच शिकवणे ही आपल्या क्षेत्रातील जुनी खोड आहे.

शेजारच्या सांगलीकडेही पाहण्यासारखे आहे. वडिलांच्या चहा-पानाच्या टपरीवर काम करत वाढलेला संकेत सरगर 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो वजन उचलून रौप्यपदक घेऊन आला. कोपर दुखावलेले असताना त्याने आणखी एकदा वजन उचलायचा प्रयत्न केला होता, आणि सुवर्ण एका किलोने गेले. त्या प्रयत्नाचे आपण सर्वांनी कौतुक केले, मीही केले. पण तो राष्ट्रकुलचा शेवटचा प्रयत्न होता, आणि निर्णय घेणारा प्रौढ खेळाडू होता. तालुका स्पर्धेत तेरा वर्षांच्या मुलीकडून कोणी तसे करवून घेत असेल, तर त्याला त्या उदाहरणाचा आधार घेता येणार नाही.

आता करायचे ते असे. पहिले बारा आठवडे एकही शर्यत धावू नका आणि वही लिहा. तेराव्या आठवड्यात मैदानावर 5000 मीटर धावून वेळ घ्या. ती आणि वही घेऊन एखाद्या रविवारी साताऱ्याला या. मी सकाळी सहापासून यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी असतो. मुलांना आणायचे असेल तर एसटीने आणा, टेम्पोत कोंबून नको, आणि दुपारची भाकरी बरोबर असू द्या. वडिलांनाही घेऊन या. मुले घाट चढत असताना आम्ही दोघे चहा घेऊ आणि भरतीचे बोलू. त्याआधी, याच आठवड्यात, त्या तेरा वर्षांच्या मुलीचे बूट काढून तिचा पाय कागदावर ठेवा, पेन्सिलीने आखा, आणि भावाच्या बुटाच्या तळव्याशी लावून पाहा. पुढे अंगठ्यापलीकडे दोन बोटे जागा राहत असेल, तर बोटे आकसून बूट धरत ती पळत असणार, आणि तिच्या पिंढऱ्या संध्याकाळी दुखत असणार. तिने ते अजून कोणाला सांगितले नसेल. तुम्ही विचारा.